एल्बो म्हणजे एल्बो?

मंडळी, आजचा विषय पाहून हसाल. मराठीचा मास्तर आणि लिहितोय कशावर, तर पाइपांच्या फिटिंग्जवर! पण चिपळूणला माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी पोरं पुढे आयटीआय करून लोट्याच्या एमआयडीसीत फिटर नि वेल्डर झाली. ती ज्या पाइपांखाली दिवसभर उभी असतात, त्यांबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो.

माझं भांडण एका वाक्याशी आहे. "अहो सर, एल्बो म्हणजे एल्बो. स्टील ते स्टील!" हे मी ठेकेदारांकडून ऐकलंय आणि आमच्या एका जावयबापूंकडूनही. (नाव सांगत नाही, ते हे वाचतात.)

त्यांच्यासाठी ही हकिगत. अमेरिकेत टेक्सास सिटीला बीपी कंपनीची तेलशुद्धी होती. तिथे मार्च २००५ मध्ये स्फोट होऊन १५ माणसं गेली, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. त्याच कारखान्यात २८ जुलै २००५ ला पुन्हा मोठी आग लागली. कारण? एक एल्बो. त्या वर्षीच्या सुरुवातीला दुरुस्तीसाठी काही एल्बो काढले होते. त्यांतले काही मिश्र पोलादाचे, एक साध्या कार्बन स्टीलचा. आकार तोच, रूप तेच. परत बसवताना अदलाबदल झाली आणि साधा एल्बो तापलेल्या हायड्रोजनच्या वाटेवर गेला. काही महिन्यांत फुटला. नुकसान सुमारे ३ कोटी डॉलर. सुदैवाने या खेपेला कोणी दगावलं नाही.

असं का होतं? खूप तापलेला, दाबाखालचा हायड्रोजन पोलादात शिरतो, आतल्या कार्बनशी संयोग पावतो आणि मिथेन वायू तयार होतो. तो बाहेर पडू शकत नाही, मग धातू आतल्या आत भेगाळतो. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादात कार्बन घट्ट बांधलेला असतो, म्हणून ते टिकतं. वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "आम्ही पाण्याच्या दाबाची चाचणी घेतो ना!" घ्या, जरूर घ्या. त्याने सांधा गळतो का ते कळेल. पण थंड पाण्याची परीक्षा पास झालेला एल्बो तापलेल्या हायड्रोजनच्या परीक्षेला बसलेलाच नसतो. भूगोलात पास म्हणून गणितातही पास, असं आमच्या शाळेत तरी नव्हतं.

दुसरं उत्तर : "आम्ही ऑर्डरमध्ये 'कोडप्रमाणे' असं लिहितो." कोणता कोड? हे म्हणजे कोडंच झालं. एएसएमई बी १६.९ हे मानक वेल्ड करायच्या फिटिंगची मापं सांगतं. धातू कोणता, ते एएसटीएम ए २३४ मधली ग्रेड सांगते. डब्ल्यूपीबी म्हणजे साधं कार्बन स्टील. डब्ल्यूपी ११ म्हणजे सव्वा टक्का क्रोमियम नि अर्धा टक्का मॉलिब्डेनमच्या आसपास. दोघांची मापं शंभर टक्के जुळतील! म्हणून ऑर्डरवर मापाचं मानक, ग्रेड, आकार आणि जाडीचं शेड्यूल ही सगळी हवीत. एक गाळलंत, तर दुकानदार त्याच्याकडे पडून असेल तेच देणार. त्याला दोष कसा द्यायचा?

आणि मग हीट नंबर. भज्यांचा जसा एक घाणा, तसा वितळलेल्या पोलादाचा एक घाणा म्हणजे एक हीट. तो नंबर फिटिंगवर ठोकलेला असतो आणि टेस्ट सर्टिफिकेटवरही छापलेला असतो. दोन्ही जुळवून पाहायला काय लागतं? चष्मा आणि दोन मिनिटं. पण माल येतो तेव्हा साहेब सर्टिफिकेटची झेरॉक्स फाइलला लावतात आणि एल्बोवर काळा रंग फासून घेतात. नंबर गेला रंगाखाली. ज्या कागदाचा मालाशी संबंधच लावता येत नाही, त्याला मी तरी रद्दी म्हणतो. मिश्र पोलाद असेल तर पिस्तुलासारखं एक यंत्र टेकवून क्रोमियम आहे की नाही ते काही सेकंदांत कळतं. टेक्सासमध्ये ही तपासणी झाली असती तर आग लागली नसती.

मला खरा राग येतो तो यापुढच्या गोष्टीचा. काही फुटलं की सगळे वेल्डरकडे बोट दाखवतात. टेक्सासमध्येही हातांनी अदलाबदल केली ती दुरुस्ती करणाऱ्यांनी, पण हे एल्बो वेगवेगळ्या धातूंचे आहेत हे त्यांना सांगितलं होतं कोणी? स्वस्तातली स्वस्त निविदा निवडणारे खुर्चीत, आणि चौकशीत उभा माझा विद्यार्थी.

असो. त्यांतलाच एक आता सुपरवायझर आहे. गेल्या महिन्यात त्याने नंबर न जुळणारे एकोणीस एल्बो लाल रंगाचा पट्टा मारून परत पाठवले. काम चार दिवस खोळंबलं, ठेकेदार त्याच्यावर भर यार्डात ओरडला. मी त्याला सांगितलंय, त्या ठेकेदाराला माझा फोन नंबर दे.