टक्क्यांत न मावणारा माणूस

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतून दरसाल ऊसतोडीला मजूर जातात. मुकादमाच्या हिशेबी नवराबायको मिळून एक कोयता. त्यातील एकाचा पाय अधू झाला की कोयता अर्धा होतो, उचलही निम्म्यावर येते. शासन मात्र एकच प्रश्न विचारते : अपंगत्व किती टक्के?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लाभांसाठी ४० टक्क्यांची मर्यादा घातली. केंद्राच्या निवृत्तिवेतनाला मात्र ८० टक्के अपंगत्व लागते, शिवाय दारिद्र्यरेषेखालील नोंदही. एवढे करून केंद्र देते दरमहा ३०० रुपये! याच कायद्याच्या २४ व्या कलमानुसार दिव्यांगांचे साहाय्य इतरांच्या तत्सम योजनांहून किमान २५ टक्के अधिक हवे. केंद्राचे विधवा निवृत्तिवेतनही ३०० रुपयेच आहे. मग ही वाढ गेली कुठे? राज्य आपली भर घालते, म्हणून केंद्राची जबाबदारी संपत नाही.

पन्नास टक्के अधू पायाने कारकुनाची गैरसोय होते. भूमिहीन मजुराची चूल विझते. दाखल्यावर दोघे समान! विषम गरजांच्या माणसांना एकच माप लावले की विषमताच पदरी येते, हे मार्क्सने १८७५ मध्ये गोथा कार्यक्रमावरील टीकेत बजावले होते.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव दिव्यांगांनाच विचारावे : काम कोणते जमेल, साधन कोणते हवे, सोबत कोणाची लागते? त्या उत्तरांचीच मागणीपत्रे घेऊन तहसील कचेरीवर धडकावे. गरज किती, हे ठरविण्याचा पहिला अधिकार गरजवंताचा आहे.