‘पुढे काय?’ या प्रश्नाचे दुसरे उत्तर

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने एक काम माझ्याकडे सोपविले. आपल्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडलेले आणि या वर्षी पदवीच्या अंतिम वर्षाला असलेले विद्यार्थी मेळाव्याला येतील. त्यांच्याशी बोलून त्यांचे पुढील संकल्प आणि धाकट्या भावंडांसाठी त्यांचा सल्ला यांचे टिपण करावे, असे ते काम होते. भोजनगृहाच्या ओट्यावर, जेथे आपण सारे एके काळी ताट हाती घेऊन रांगेत उभे राहत होतो, तेथेच बसून मी त्यांच्याशी दोन तास बोललो. टिपण तयार झाले; परंतु ते वाचताना मन अस्वस्थ झाले. म्हणून टिपणाऐवजी हे मत आपल्यापुढे ठेवीत आहे.

“पुढे काय?” या प्रश्नाला बहुतेक मुलांनी दोनच शब्दांत उत्तर दिले, “स्पर्धा परीक्षा.” कोणी राज्यसेवा म्हणाला, कोणी केंद्रीय लोकसेवा, कोणी पोलीस उपनिरीक्षक. “किती वर्षे देणार?” असे विचारले तेव्हा ती एकमेकांकडे पाहू लागली. “आणि नाही झाले तर?” या प्रश्नावर एक मुलगा अत्यंत नम्रपणे म्हणाला, “सर, तसा विचार करायचा नसतो. दुसरा विचार मनात आला की पहिला ढिला पडतो.”

त्या मुलाच्या जिद्दीला माझा नमस्कार आहे. त्याच्या विचाराशी मात्र मी सहमत नाही.

प्रशासनातील खुर्चीची ओढ आपल्या समाजाला का आहे, हे मला ठाऊक आहे. ज्याचे आजोबा कचेरीच्या पायरीखाली हात जोडून उभे राहिले, त्याच्या नातवाने त्याच कचेरीत तहसीलदार म्हणून बसावे, या स्वप्नाला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपल्या शाळेचे काही विद्यार्थी अशा पदांवर आहेत आणि त्यांचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण स्वप्न मोठे असले म्हणजे हिशेब करू नये, असे थोडेच आहे? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. अखेरीस शिफारस झाली ती १,०१६ उमेदवारांची. जे राहिले ते सारेच आळशी होते, असे म्हणता येईल काय?

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. अनुसूचित जातींच्या उमेदवारांना या परीक्षेत वयाची सवलत ३७ वर्षांपर्यंत आहे आणि त्या वयापर्यंत संधींच्या संख्येवर बंधन नाही. ही सवलत न्याय्य आहे, कष्टाने मिळालेली आहे. परंतु थांबावे केव्हा, हे सांगणारे बाहेरचे कोणी उरत नाही. ती मर्यादा ज्याची त्यानेच घालावी लागते. ज्याने ती घातली नाही, त्याचे एकेक वर्ष पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत, डब्याच्या आणि खोलीभाड्याच्या हिशेबात निघून जाते. आणि गावाकडे आई दुसऱ्याच्या शेतात निंदणी करून पैसे पाठवीत राहते.

माझ्याच तुकडीतील एका मित्राचे असे झाले. सात वर्षे तो तयारी करीत होता. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला. गावात त्याला आधीच सारे ‘साहेब’ म्हणू लागले होते. १४ एप्रिलला तो घरी आला की प्रत्येक जण विचारी, “काय साहेब, कधी लागणार?” विचारणाऱ्यांच्या मनात प्रेमच होते. पण तिसऱ्या वर्षापासून तो जयंतीला गावी येईनासा झाला. ज्या दिवशी सारा समाज एकत्र येतो, त्याच दिवशी आपला एक गुणी मुलगा शहरातल्या खोलीत दार लावून बसलेला असे. हे नुकसान कोणत्याही निकालपत्रात दिसत नाही.

आता बाबासाहेबांच्याच चरित्राकडे पाहू. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला आले. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत अपमानच वाट्याला आला. अशा वेळी त्यांनी काय केले? मुंबईत शिकवण्या केल्या, १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, काटकसरीने पैसा साठविला. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांची त्यात भर पडली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळविली, बॅरिस्टरीही पूर्ण केली. मधली तीन वर्षे त्यांनी दुसरे काम केले. त्याने पहिला संकल्प ढिला पडला नाही. उलट, त्या पगारातूनच तो पुरा झाला. आपण त्यांच्या पदव्या मुलांकडून पाठ करून घेतो. ही तीन वर्षे मात्र सांगायची विसरतो.

म्हणून या वर्षी पदवीधर होणाऱ्यांना माझे सांगणे असे की, स्पर्धा परीक्षा अवश्य द्या. पण घर सोडण्यापूर्वी एका कागदावर दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत किती वर्षे देणार, तो आकडा. दुसऱ्या ओळीत त्यानंतर काय करणार, ते काम. तो कागद आईवडिलांना वाचून दाखवा. पदव्युत्तर शिक्षण, शिक्षकी, बँक, रेल्वे, परिचर्या, वकिली, एखादे तांत्रिक कौशल्य, स्वतःचा व्यवसाय, यांपैकी काहीही असो. सम्यक् आजीव म्हणजे प्रामाणिकपणे, कोणाचे अहित न करता केलेली उपजीविका, असे आपण याच शाळेत शिकलो. त्यात पदाचे नाव सांगितलेले नाही.

धाकट्यांना सल्ला देताना थोरल्यांनी ‘जिद्द ठेवा’ एवढ्यावर थांबू नये. ज्यावर आपण स्वतः अडखळलो, ते दगड दाखवावेत. जात वैधता प्रमाणपत्राची तयारी अकरावीतच सुरू करा. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे आणि नोंदींचे पुरावे शोधावे लागतात. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जुनी जात आणि आपल्या दाखल्यावर बौद्ध, अशी आपल्या घरोघरची स्थिती असते; ती कागदपत्रांची साखळी जुळविण्यात महिने जातात. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर शेवटच्या तारखेची वाट न पाहता भरा. बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, हे आधी पाहा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी राज्याची आणि केंद्राची शिष्यवृत्ती आहे. लिपिक-टंकलेखक पदासाठी टंकलेखनाचे प्रमाणपत्र लागते. ते पदवीबरोबरच मिळविता येते. आणि इंग्रजीचे एक पान रोज वाचा. अशी माहिती वेळेवर देणारा थोरला भाऊ किंवा ताई हाच खरा कल्याणमित्र.

मुलींविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. त्या ओट्यावर एका मुलीने मला सांगितले, “सर, भावाला पुण्यात पाच वर्षे मिळाली. मला एक उन्हाळा मिळाला आहे. तेवढ्यात काही झाले तर ठीक, नाहीतर स्थळे पाहणे सुरू होईल.” तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, हेच मला अधिक लागले. पालकांनो, मुलासाठी जो आकडा कागदावर लिहाल, तोच मुलीच्याही कागदावर लिहा. समतेची सुरुवात सभेच्या व्यासपीठावर होत नाही, घरातल्या या हिशेबात होते.

शेवटी आपल्या सर्वांसाठी एक सूचना. आपण दर वर्षी यशस्वी विद्यार्थ्यांचा शाल आणि ग्रंथ देऊन सत्कार करतो, तो करावाच. पण माझा तो मित्र आज तालुक्याच्या गावी ऑनलाइन अर्ज भरण्याचे केंद्र चालवितो. शाळेतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तो स्वतः तपासून भरतो. चुकलेला दाखला पाहिला की मुलाला परत पाठवून बरोबर करून आणवितो. सात वर्षांच्या अभ्यासाने त्याला जे शासन-व्यवहाराचे ज्ञान दिले, ते असे कामी येत आहे. गेल्या वर्षीपासून तो पुन्हा जयंतीला गावी येऊ लागला. पुढच्या मेळाव्यात धाकट्यांसमोर बोलण्यासाठी त्याला बोलवावे, अशी माझी संपादक मंडळाला आणि माजी विद्यार्थी संघाला विनंती आहे. आपण किती वर्षे दिली, कोठे चुकलो आणि कसे सावरलो, हे त्याने स्वतःच्या तोंडून सांगावे. ज्या मुलाने मला “तसा विचार करायचा नसतो” असे सांगितले, त्याने त्या दिवशी पहिल्या रांगेत बसावे, एवढीच माझी इच्छा.

सर्व पदवीधरांना मंगल कामना. जय भीम!