बदली माझी होते, संघाची नाही

रविवारी सकाळी कांचघरच्या चौकात चहाला उभं राहिलं की कुणीतरी क्रिकेट काढतोच. परवा नागपूरकडच्या एका हवालदाराने काढलं. "साब, आमचा विदर्भ तीनदा रणजी जिंकला. तुमचा महाराष्ट्र केव्हा जिंकून राहिला?" बाकीचे हसले. मीही हसलो, कारण उत्तर नव्हतं.

संध्याकाळी पुण्याहून मुलाचा फोन आला. त्याला हा किस्सा सांगितला, तर म्हणाला, "पप्पा, मग टीम बदला ना. हरणाऱ्यांच्या मागे कशाला?" तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. तो वाईट बोलला नव्हता. आज सगळे हेच म्हणतात, म्हणूनच हे लिहितोय.

आधी आमची बाजू किती लंगडी आहे ते कबूल करतो. महाराष्ट्राने रणजी करंडक दोनदा जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधरांच्या काळात. तेव्हा माझे वडीलसुद्धा जन्मले नव्हते. त्यानंतर १९७०-७१ ची फायनल आम्ही मुंबईकडून ४८ धावांनी हरलो. वाडेकर, सरदेसाई, सोलकर, गावसकर त्या वेळी भारतासाठी वेस्ट इंडीजमध्ये खेळत होते. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "निम्मी मुंबई परदेशात होती रे, तरी आपण हरलो." १९९२-९३ ला लुधियानात पंजाबने हरवलं. २०१३-१४ ला आम्ही मुंबईला वानखेडेवर आठ गडी राखून हरवलं, केदार जाधवने त्या मोसमात १२२३ धावा काढल्या, आणि हैदराबादच्या फायनलमध्ये कर्नाटकाने आमचं पाणी केलं. २०२२ ला विजय हजारे स्पर्धेत ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारले, फायनलमध्ये शतकही ठोकलं. करंडक सौराष्ट्र घेऊन गेलं.

जिंकलेल्या सामन्यातही आमच्या वाट्याला हळहळच येते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. समोरच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना आयुष्यात एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

आता "टीम बदला" म्हणणाऱ्यांकडे वळतो. पुण्याला आयपीएलची टीम होतीच की! २१ मे २०१७ ची फायनल मी बॅरेकमध्ये पाहिली. मुंबई १२९, पुणे १२८. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या, दोन झाल्या, तिसरीसाठी धावताना रनआउट. एका धावेने हरलो, ते मी पचवलं. पण त्यानंतर ती टीमच राहिली नाही. चेन्नई आणि राजस्थानवर बंदी होती तेवढी दोन वर्षं तिची मुदत होती. चाहत्यांना कोण विचारतो? ज्या टीमची मुदत कागदावर लिहिलेली असते, तिच्यावर कसली निष्ठा ठेवायची? ते गिऱ्हाईकपण झालं. गिऱ्हाइकाने खुशाल दुकान बदलावं. पण गिऱ्हाइकाने चाहत्याला अक्कल शिकवू नये.

त्या हवालदारावर मला राग नाही. त्याचं हसणं कमावलेलं आहे. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय आणि पहिला करंडक आला २०१७-१८ मध्ये. मधली साठ वर्षं नागपुरात लोक सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर जाऊन बसतच होते ना? आज मी राहतो त्या मध्य प्रदेशाचंही तेच. १९९९ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर ते कर्नाटकाकडून फायनल हरले, कर्णधार होता चंद्रकांत पंडित. तोच पंडित २०२२ ला त्याच मैदानावर कोच म्हणून उभा होता आणि मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिला करंडक घेतला. तेवीस वर्षांनी. ज्यांनी १९९९ सोसलं, त्यांनाच २०२२ चा अर्थ कळला. त्या दिवशी चाहते झालेल्यांना फक्त निकाल कळला.

पण आपल्या लोकांचेही कान उपटायला हवेत. हरण्याची शेखी मिरवू नका. पानिपताचं कौतुक करायची आपल्याला जुनी खोड आहे. फौजेत साधा सराव फसला तरी रात्री सगळ्यांना बसवून विचारतात, कुठे चुकलं, कुणाचं चुकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच सराव. पलटण सोडून कुणी जात नाही आणि चुकीवर पांघरूणही कुणी घालत नाही. निष्ठा म्हणजे माफी नव्हे. ऐंशीहून अधिक वर्षं करंडक का नाही, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. पण तो हक्क मैदानावर येणाऱ्याचा. गहुंजेला आयपीएल असली की रस्ता तुंबतो आणि रणजी असली की खुर्च्या ऊन खातात. येत नाही, बघत नाही, आणि वर विचारायचं, "महाराष्ट्र का हरतो?"

बावीस वर्षांच्या नोकरीत माझा पत्ता नऊ वेळा बदलला. जम्मूला पेपर दोन दिवसांनी यायचा, तेव्हा संपलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवसाचा स्कोर वाचून मी आशा धरून बसायचो. मुलाच्या शाळा बदलल्या, घरं बदलली, शेजारी बदलले. दर तीन वर्षांनी सगळं पेटीत भरावं लागतं. न बदललेलं एवढंच एक उरलंय, आणि तेच बदला म्हणता?

मुलाला सांगितलंय, या वेळची सुट्टी मी रणजीच्या मोसमात टाकतोय. दोघं गहुंजेला जाऊ, चारही दिवस. तो म्हणाला, "हरले तर?"

"तर घरी येताना आपण दोघं मिळून शिव्या घालू," म्हटलं. "पण आधी जाऊन बसू."