रिकाम्या जागेचा हिशेब

आधुनिक चित्र आणि आधुनिक इमारत यांच्याविषयी आपल्या पुरोगामी मंडळींच्या मनात एक अढी आहे. चित्र कळत नाही आणि इमारत धनिकांची, असे म्हणून आपण मोकळे होतो. धाराशिवसारख्या दुष्काळी जिल्ह्यात अमूर्त चित्रकलेची चर्चा ही चैन होय, असाही आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य नाही. आणि त्याचे कारण सौंदर्यशास्त्रापेक्षा या जिल्ह्याच्या इतिहासातच अधिक सापडेल.

प्रथम चित्राविषयी. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि उत्तरायुष्यात दिल्लीत जवळजवळ एकांतात राहिले. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पुरी होत. रूळ आणि सुरी यांनी रंगाचे थर द्यायचे, पुन्हा उतरवायचे, अशी त्यांची रीत. त्यांच्या परिपक्व काळातील चित्रांत माणूस नाही, झाड नाही, प्रसंग नाही. ते २००१ साली वारले. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले आणि मग वृत्तपत्रांना त्यांची महती पटली! किंमत आणि मूल्य यांतील भेद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी सांगावा लागतो. लिलावातील बोलीवरून खरेदीदाराची ऐपत कळते. चित्र कळायला त्याच्यासमोर उभे राहून काही साधे प्रश्न विचारावे लागतात. रंग येथे दाट का, तेथे विरळ का? एवढी जागा मोकळी का सोडली?

असे पाहणे आपल्या लोकांना परके नाही. जुनेराच्या तुकड्यांची वाकळ शिवणारी बाई कोणता रंग कशाशेजारी बसवावा हे जाणते. नळदुर्गला बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात आदिलशाही काळात बांधलेला पाणीमहाल आहे. पावसाळ्यात वरून नर-मादी धबधबे कोसळत असतात आणि आतला माणूस कोरडा राहतो. तेथे जाणारा कोणीही ‘याचा अर्थ काय’ असे विचारीत नाही. दगड, पाणी आणि पोकळी यांचा मेळ त्याला पुरतो.

हीच नजर घराच्या आराखड्याकडे वळवली म्हणजे गोष्ट चैनीची राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचा भार यांखाली सुमारे आठ हजार माणसे गेली. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जागतिक बँकेचे कर्ज आले, स्वयंसेवी संस्था आल्या, घरे उभी राहिली. ती पूर्वीपेक्षा भक्कम होती, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु घराचे क्षेत्रफळ कशावरून ठरले? भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४००, मोठ्या जमीनधारकांना ७५०. भूकंपाने सर्वांना एकाच रात्री उघड्यावर आणले होते. आराखड्याने जमिनीची जुनी उतरंड पुन्हा सिमेंटमध्ये बसवली.

हे अटळ होते काय? दहा वर्षे आधी, १९८३ मध्ये, चार्ल्स कोरिया यांनी नव्या मुंबईत बेलापूरची वसाहत आखण्यास घेतली. तेथील भूखंड ४५ पासून ७५ चौरस मीटरपर्यंत, म्हणजे लहानमोठ्यांत दुपटीचेही अंतर नाही. सात-सात घरे एका सामायिक अंगणाभोवती. शेजाऱ्यांची भिंत एक नाही, त्यामुळे हातात पैसा येईल तसे ज्याने त्याने आपले घर वाढवावे. पुढे अनेकांनी मूळ घरे पाडून मोठी बांधली, म्हणून काही समीक्षक हळहळतात. मला ती हळहळ अनाठायी वाटते. रहिवाशाने घर वाढवावे हेच त्या आराखड्याला अभिप्रेत होते. रिकामे अंगण तेथे सात कुटुंबांचे असते. आमच्या नव्या गावांतील ऐसपैस सरळ रस्ते कोणाचेच नव्हते, त्यांची डागडुजी मात्र ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडली.

या गावांत नंतर जे घडले त्याचेही रसग्रहण कोणी तरी करायला हवे. लोकांनी दारापुढे पत्र्याची ओसरी काढली, जनावरांना आडोसा केला, लिंब लावला, सारख्या दिसणाऱ्या रांगांतून ज्याचे त्याचे घर ओळखू येऊ लागले. वास्तुविशारदाने कागदावर जे सोडून दिले होते ते गवंड्याने आणि घरच्या बाईने पुरे केले. त्याला आपण ‘अतिक्रमण’ म्हणतो.

दरवर्षी या जिल्ह्यातली मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांना बसतात. त्यामुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, एवढाच त्या परीक्षांचा उपयोग पालकांना ठाऊक असतो. मूळ चित्र त्यांच्यापुढे क्वचितच येते. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनातील काही चित्रे वर्षातून महिनाभर जिल्ह्याच्या गावी आणणे शासनाला जड नाही. त्याचबरोबर सरकारी पैशाने बांधायची प्रत्येक वसाहत आणि प्रत्येक शाळा यांचा आराखडा, मापांसकट, पाया खणण्यापूर्वी ग्रामसभेच्या भिंतीवर लागला पाहिजे. आणि कोणाला किती जागा, मोकळी जागा कोणाची, याचे उत्तर अभियंत्याने तेथे उभे राहून दिले पाहिजे.