'वय झालं' हे उत्तर नव्हे

नालासोपाऱ्याच्या आमच्या घरात अम्मीचं दुखणं वर्षभर कुणालाच कळलं नाही. पाळी थांबत आली असताना तिच्या गर्भाशयमुखाचा खराब भाग विजेच्या तारेनं काढला होता. नंतर आग, कोरडेपणा, ओटीपोटात कळा. डॉक्टर म्हणाले, "वय झालं." तिनंही शरमेनं मान डोलावली.

तपासणीला माझा विरोध नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. पण काम तिथंच संपत नाही. जखम भरताना गर्भाशयमुख आकसू शकतं. इस्ट्रोजेन घटल्यानं कोरडेपणा वाढतो. दोन्हींवर इलाज आहे. आणि पाळी बंद झाल्यावर रक्त गेलं, तर लगेच दाखवायला हवं.

अन्सारी स्त्रिया खुद्द प्रेषितांना (स.) शरीराबद्दलचे प्रश्न विचारत. मग आपल्या घरात ही लाज कुठून आली? बहिणींनो, भावांनो, आजच अम्मीला विचारा. तिच्यासोबत दवाखान्यात जा. 'वय झालं' एवढंच ऐकून उठू नका.