पुस्तिकेविना विकल्या जाणाऱ्या खेळसंचांविषयी जाहीर आवाहन

सर्व सभासद व पालक यांस,

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या एका सभासदभगिनीने ‘संपूर्ण संच, उत्तम स्थिती’ ही ऑनलाइन जाहिरात वाचून लेगोचा वापरलेला ताजमहाल मुलांसाठी घेतला, तेव्हा हाती आल्या त्या सुट्या विटांच्या दोन पिशव्या. जुळणीची पुस्तिका नाही, खोके नाही, संचाचा क्रमांकही नाही. आणि विचारणा करता विक्रेत्याचे उत्तर आले की, ‘फोटो बघून जमेल.’ ताजमहालाचा पहिला संच २००८ सालचा, क्रमांक १०१८९, तुकडे ५,९२२. दुसरा २०१७ सालचा, क्रमांक १०२५६, तुकडे ५,९२३. क्रमांकच ठाऊक नसता कोणती पुस्तिका धुंडाळावी आणि काय गहाळ आहे हे कशाच्या आधारे ठरवावे, याचा खुलासा त्या सद्‌गृहस्थांनी अद्याप केलेला नाही.

हे एकट्या त्यांचेच वर्तन असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर गेल्यापासून नवा परदेशी संच घेणे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या ऐपतीबाहेर गेले. सबब वापरलेल्या मालाकडे वळण्यावाचून ज्यांना गत्यंतर नाही, त्यांच्याच पदरी हा अपुरा माल पडतो.

पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, अशी एक हरकत घेतली जाते. अनेक मिळतात, हे खरे. परंतु शोधण्यास लागणारा क्रमांक ज्या खोक्यावर व मुखपृष्ठावर छापलेला असतो, तेच आपण रद्दीत घातले आहे. दुसरी हरकत कल्पनाशक्तीची. आठ खुंट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, हे आम्हांसही ठाऊक आहे व त्याचे कौतुकही आहे. मात्र ज्याने ताजमहालाचे पैसे मोजून घेतले, त्याने हे तत्त्वज्ञान सांगू नये. आजोबांच्या काळच्या मेकॅनोची गोष्ट तर याहून बिकट. फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली लिव्हरपूलमध्ये पेटंट घेतलेल्या त्या भोकांच्या पट्ट्या आजही कामास येतात, पण सोबतचे नमुन्यांचे पुस्तक एकदा गेले की तसे दुसरे मिळवताना नाकी नऊ येतात.

पुस्तिका नसलेला संच विकण्यास आमची मनाई नाही; लपवाछपवीस आहे. जाहिरातीत क्रमांक नमूद करावा, ‘पुस्तिका नाही’ हे पहिल्याच ओळीत लिहावे, किंमत त्या मानाने रास्त ठेवावी. पुष्कळ पुस्तिकांच्या अखेरच्या पानांवर प्रत्येक तुकड्याचे चित्र व संख्या दिलेली असते. ती यादी हाती घेऊन मोजणी केल्यावाचून ‘संपूर्ण’ हा शब्द वापरू नये. मोजणीस वेळ नसेल तर ‘न मोजलेला’ असे लिहावे. त्यात कमीपणा कसला? खरेदीदारांनीही क्रमांक मिळेपर्यंत पैसे पाठवू नयेत. आपल्या उतावळेपणामुळेच असे विक्रेते शेफारतात.

आमच्या मंडळाच्या कपाटात प्रत्येक संचाशेजारी त्याची पुस्तिका आणि मोजणीचा कागद आहे, व हे काम आमच्या स्वयंसेवकांनी एक पैसाही न घेता केले आहे. ज्यांच्या माळ्यावर जुन्या पुस्तिका पडून आहेत, त्यांनी त्या येत्या रविवारी सकाळी मंडळात आणाव्यात. प्रत काढून मूळ पुस्तिका त्याच दिवशी परत दिली जाईल. ओल्या किंवा फाटक्या असल्या तरी चालतील, मुखपृष्ठ मात्र शाबूत असावे.

— कार्यकारिणी