मोठ्या पंपाचा इतिहास लहान पंपात

१/ १९३४ मध्ये ॲरिझोनाच्या गव्हर्नरांनी पार्कर धरणाचे काम रोखण्यासाठी नॅशनल गार्डचे सैनिक पाठवले. कोलोरॅडो नदीचे पाणी कॅलिफोर्नियाने नेऊ नये, हा हेतू. ही कथा रंजक असल्याने वारंवार सांगितली जाते. ते पाणी डोंगर ओलांडून गेले कसे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. हा धागा त्याविषयी.

२/ कोलोरॅडो जलमार्ग सुमारे ३९० किलोमीटर लांब आहे. वाटेतील पाच पंपघरे मिळून पाणी सुमारे ४९० मीटर उचलतात. एकेका पंपाची क्षमता सेकंदाला सहा हजार लिटरांहून अधिक. काम १९३३ मध्ये सुरू झाले. १९४१ मध्ये पाणी पोहोचले.

३/ असा पंप आधी बांधायचा आणि मग पारखायचा, हे परवडणारे नव्हते. कार्यक्षमता एका टक्क्याने जरी घटली, तरी जादा विजेचा भुर्दंड पुढची अनेक दशके पडला असता. म्हणून पॅसाडेनातील कॅलटेक संस्थेत फॉन कार्मान, नॅप आणि डॉहर्टी यांच्या पुढाकाराने पंपांची प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे लहान नमुने तपासले गेले.

४/ लहानावरून मोठ्याचे भाकीत कसे करतात? दोन पंप आकाराने तंतोतंत समरूप असतील, तर:
• विसर्ग: फेऱ्यांची गती × व्यासाचा घन
• पाणी चढण्याची उंची: गतीचा वर्ग × व्यासाचा वर्ग
• शक्ती: गतीचा घन × व्यासाचा पाचवा घात
या प्रमाणात सारे बदलते.

५/ समजा, नमुना एक पंचमांश व्यासाचा आहे. तो पाचपट वेगाने फिरवला, तर पाणी तेवढ्याच उंचीवर चढते; मात्र विसर्ग आणि शक्ती पंचविसाव्या हिश्श्यावर येतात. अजस्र यंत्राची परीक्षा एका दालनात घेता येते.

६/ या नियमांमागे मितीय विश्लेषण आहे. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना लांबी, काळ आणि वस्तुमान यांचा मेळ बसलाच पाहिजे, एवढ्या साध्या अटीतून ते निघतात. एडगर बकिंगहॅम यांनी १९१४ मध्ये त्याला सर्वसामान्य प्रमेयाचे रूप दिले.

७/ मूळ प्रश्न त्याहून जुना. मोठी वस्तू म्हणजे फुगवलेली लहान वस्तू नव्हे, हे गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवले होते. जॉन स्मीटन यांनी १७५९ मध्ये पाणचक्क्यांच्या नमुन्यांवरील प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडले, तेव्हा नमुना आणि प्रत्यक्ष यंत्र यांतील भेद ओळखण्याची ताकीदही दिली.

८/ ती ताकीद पंपांनाही लागू पडते. घर्षण त्याच प्रमाणात घटत नाही. त्यामुळे लहान नमुन्याची कार्यक्षमता सहसा थोडी कमी भरते. दाब घसरून पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटताना धातू कुरतडतात. त्यासाठी निराळे गुणोत्तर सांभाळावे लागते.

९/ माझे मत असे: महाकाय प्रकल्पांचा इतिहास आपण निर्णयांचा आणि संघर्षांचा इतिहास म्हणून लिहितो. 'हे जमेल' याची खात्री कोणाला, कशाच्या आधारे पटली, हा प्रश्न निसटतो. राजकारण गौण नाही. पण सैनिक परतल्यावर पाणी आपोआप डोंगर चढले नाही.

१०/ यापुढे धरण किंवा कालव्याविषयी वाचताना उद्घाटन कोणी केले, याबरोबर आणखी एक विचारा: नमुना कोठे तपासला, आणि त्यात कोणते गुणोत्तर राखले होते?